दवाची गितार

आमच्या धाकट्या भावजींच्या हातून एखादं काम वेळेवर पुरं झालेलं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही, आणि भोर संस्थानात दुसऱ्या कुणी पाहिलं असेल तर त्यानं माझ्यासमोर येऊन सांगावं. हातात कसब नव्हतं म्हणाल तर तसं मुळीच नाही. त्यांनी नुसता हात फिरवला तरी लाकूड ऐकायचं. पण ‘झालं, आता न्या’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघतील तर शपथ! पाळणा सांगून गेलेल्या माणसाला पाळणा मिळेपर्यंत त्याचं पोर शाळेत बाराखडी गिरवत असायचं. एकानं लेकीच्या लग्नासाठी चौरंग सांगितला होता. लग्न झालं, लेक सासरी गेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि चौरंग पोचला तो बारशाला. वर भावजींचं म्हणणं काय, तर “लग्नाच्या गडबडीत चौरंग कोन बगतंय, वैनी? बारशाला मानसं निवांत बसत्यात.”

आमचं घर सुतारांचं. आमचे हे थोरले. बैलगाड्या, नांगर, दारं, चौकटी करायचे आणि घर चालवायचे. भावजी गुळगुळीत करायचे. बस्स, एवढंच. लाकडाची वस्तू दिसली की ती मांडीवर घेऊन घासायला बसायचे. माझा पोळपाट त्यांनी एकदा असा घासून दिला की लाटायला बसलं की पोळी माझ्यापुढं, पोळपाट चुलीपाशी. आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, काठी अशी चकचकीत केली की ती हातात ठरेना. शेवटी तिला चिंधी गुंडाळली तेव्हा म्हातारी घराबाहेर पडू शकली. एका शेतकऱ्याच्या बैलांचं जू ह्यांनी दुरुस्तीला घेतलं आणि भावजींच्या तावडीत सापडलं. तो शेतकरी भर बाजारच्या दिवशी ते जू खांद्यावर घेऊन दारात येऊन ओरडला, “माज्या बैलास्नी तोंड बगाया आरसा मागितला हुता का म्या?” ह्यांनी कपाळाला हात लावला. भावजींनी ते जू परत घेतलं, उन्हाकडं धरून पाहिलं आणि म्हणाले, “हितं जरा ऱ्हायलंय.” आणि पुन्हा घासायला बसले.

दुसरी खोड टकटक करण्याची. दार म्हणू नका, भोपळा म्हणू नका, कुणाच्या ओसरीचा खांब म्हणू नका, बोटाच्या पेरानं ठोकून कान लावायचे आणि आत काय आहे ते सांगायचे. मी लग्न होऊन आले, अजून हळद उतरली नव्हती, तर दीर म्हणवणारा हा माणूस पहिल्यांदा काय बोलला माझ्याशी? माझ्या माहेरच्या पेटीवर टकटक केलं आणि म्हणाला, “वैनी, पेटी सागाची न्हाई. आंब्याची हाय. फशिवलं तुमच्या बापाला.” मी नवी नवरी, भोकाड पसरलं! आत्याबाईंनी त्यांना झोडपलं. पण दुसऱ्या दिवशी पेटी उघडते तर आतून बाहेरून अशी घासलेली आणि तेल पाजलेली, की ती सागाची नाही हे तिच्या सुताराला सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर कायम रागावत आले आणि कायम त्यांचीच बाजू घेत आले.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं तुमचा घोटाळा व्हायला नको. आमचा तर झालाच. माझ्या सासरच्या माणसांना ध म्हणता येत नाही. तोंडातही येत नाही आणि कानातही शिरत नाही. दूध म्हणजे दूद, साधू म्हणजे सादू, धोतर म्हणजे दोतर. मी पडले कामथडीची, चौथी शिकलेली. थचीही तीच गत; माझ्या गावाला आत्याबाई ‘कामतडी’ म्हणायच्या तेव्हा आधी आधी मला रडू यायचं. थोरला झाला तेव्हा मी चंग बांधला की ह्या घरात एक तरी ध आणायचाच. पोर शिकलंही बिचारं, पण एक उन्हाळाभर आजीच्या मांडीवर बसलं आणि दूद मागायला लागलं.

अशा ह्या घरात गितार आली. त्या वर्षांत आमच्या भोरच्या दवाखान्यात गोव्याकडची एक नर्सबाई होती. ख्रिस्ती, उंच, सावळी, पांढरा झगा घालायची आणि ताठ चालायची. माझा थोरला तिच्याच हातावर जन्मला. मी अडले होते, सगळ्यांनी आशा सोडली होती, पण ती बाई माझ्या उशाशी बसून राहिली ती पोराचा आवाज ऐकूनच उठली. म्हणून आत्याबाईंनी तिला आमच्या ओसरीपर्यंत मुभा दिली होती. तिची भाषा अर्धी आपली, अर्धी तिकडची. “म्हाका उदक जाय,” म्हणाली की आत्याबाई म्हणायच्या, “उदक कुठं जातंय गं?” जाय म्हणजे हवं, हे कळायला आम्हांला बरेच दिवस लागले. पण कुणी काही दिलं की ती म्हणायची, “देव बरें करूं.” ते मात्र आत्याबाईंना पहिल्या दिवसापासून कळलं.

संध्याकाळी ती आपल्या पायरीवर गितार घेऊन बसायची. सतारीची कुणी धाकटी बहीण असावी असं ते वाद्य, फुगीर अंगाचं आणि बसक्या आवाजाचं. भोरच्या दमट हवेनं त्याचा सरस सुटला, पाठ उकलली, आणि बाई त्याला चादरीत गुंडाळून, पेशंट आणावा तसं आमच्या ओसरीवर घेऊन आली. भावजींनी नेहमीप्रमाणे टकटक केलं, कान लावला आणि तसेच बसून राहिले. एरवी लगेच निकाल देणारा माणूस, पण पुन्हा ठोकलं, पुन्हा कान लावला. मग म्हणाले, “हिच्या आत कोन ऱ्हातंय?” बाई हसली. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

गितार पुरती खोलायची होती. भावजी उठले ते थेट माझ्या चुलीशी आले आणि भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढून वाफेवर ती धरली. “अवो भावजी, भात!” मी ओरडले. “सरसाला वाफ दाखवावी लागती, वैनी. आपून हून हात सोडतो. लाकडाला दुकत न्हाई.” त्या दिवशी सगळ्यांनी सरसाच्या वासाचा भात खाल्ला आणि आत्याबाईंनी मला बोल लावला. मग त्या गितारीचा आकार त्यांनी ओसरीच्या सारवलेल्या जमिनीवर कोळशानं उतरवून घेतला आणि फर्मान काढलं की तेवढी जमीन सारवायची नाही. झालं! आम्ही सगळ्या तिला वळसा घालून चालायला लागलो. शेजारच्या काकू एकदा आल्या, त्यांना वाटलं कुठल्या देवीचं काही मांडलंय. त्यांनी वाकून हळदकुंकू वाहिलं आणि नमस्कार करून गेल्या.

ही दुरुस्ती, सांगायला नकोच, सगळा पावसाळा पुरली. बाई रोज विचारायला यायची. “मेस्त, जालें?” तिकडं सुताराला मेस्त म्हणतात. आत्याबाईंना ते ‘मस्त’ ऐकू यायचं आणि त्यांचा तिळपापड व्हायचा. “माज्या गरीब पोराला मस्त म्हनती! कुनाच्या अद्यात न्हाई, मद्यात न्हाई, आन मस्त?” भावजी खाली मान घालून घासत राहायचे. “न्हाई अजून,” म्हणायचे, “हितं जरा ऱ्हायलंय.” त्यांच्या उशिरानं ज्याचं डोकं फिरलं नाही असं ते एकच गिऱ्हाईक. ती खांबाला टेकून बसायची, हे घासायचे, दोघं काही बोलायचे नाहीत. अहो, भावजींचा जीव जडला होता तिच्यावर. ह्यांना दिसत होतं, मला दिसत होतं, कोळशाच्या रेघेला वळसा घालणाऱ्या मांजरीलाही दिसत असेल. पण धर्म वेगळा, जात वेगळी, मुलूख वेगळा. कोण काय बोलणार? बोलले नाहीत. पुढं गितार दुरुस्त झाली, संध्याकाळी पुन्हा वाजायला लागली, आणि भावजी पटाशीला धार लावायला नेमके तेव्हाच दारात बसायला लागले. एवढी धार लावलेली पटाशी भोरात दुसरी नसेल.

मग तिकडून निरोप आला, तिच्या आईनं अंथरूण धरलं होतं. बाई निघाली. निरोप घ्यायला आली तेव्हा मी चहा ठेवायला आत गेले, आणि नेमकं तेवढ्यात जे काय व्हायचं ते झालं. चहा घेऊन आले तर ती उठून उभी, डोळे पुसतेय आणि म्हणतेय, “येतां हां.” सर्व्हिस मोटारचा भोंगा वाजला आणि गेली. भावजी माझ्याकडं वळले. तसा चेहरा मी त्यांचा पुन्हा एकदाच पाहिला, तो पुढं सांगते. म्हणाले, “वैनी, बाईस्नी गितार पायजे. माज्या हातची. दवी.”

“दवी म्हणजे काय?”

“दवाची. आसं बगा, पहाटं पात्यावर दव बसतं. पांडरं दिसतं, पन खालचं पातं झाकतंय का? न्हाई. तशी. वरनं पांडरी आन आतलं लाकूड दिसतंय, रेघ आन रेघ. त्या म्हनाल्या, करून ठेव, म्या येते.”

गितार त्यांनी वेल्ह्याकडच्या शिवणीच्या लाकडाची केली, शिवण मुळातच फिकी म्हणून. जमिनीवरचा तो आकार एकदाचा उठून उभा राहिला आणि मला ओसरी सारवायला मिळाली. भावजींच्या मानानं ती फार लवकर झाली असं म्हणायला हवं. पण रंग! सफेदा लावला तर लाकूड झाकायचं, पातळ करावा तर डाग डाग दिसायचे. पांढरं करावं तर पारदर्शक राहीना, पारदर्शक ठेवावं तर पांढरं होईना. आणि मग ह्या माणसानं घरात जे जे म्हणून पांढरं होतं त्याच्यावर धाड घातली. आत्याबाईंच्या पानाचा चुना लाकडाच्या रेघांत भरला. आत्याबाई तीन वेळा डबी उघडून पाहतात आणि मला विचारतात. माझी रांगोळी चाळून रोगणात घातली. ती ओली असताना सुंदर दिसली आणि वाळल्यावर नाहीशीच झाली. शंखजिरं झालं, तांदळाची पेज झाली. एकदा दुधावरची साय चुन्यात घोटून लावली. काय सुरेख दिसली म्हणून सांगू! भावजी आनंदानं घरभर फिरले. सकाळी उठून पाहतो तर गितारीला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत मुंग्या, आणि मांजर शेजारी बसून जिभल्या चाटतेय. कुणीतरी सांगितलं अंड्यातलं पांढरं लावा. आमच्या घरात अंडं! ते त्यांनी कोटाच्या खिशातून लपवून आणलं आणि खिशातच फुटलं. त्या कोटाला आत्याबाईंनी महिनाभर उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

एकीकडं मुली सांगून येत होत्या. चांगल्या, आमच्यातल्या, एक तर माझ्या मामाचीच. “गितार हुं द्या, मग बगू,” हे ठरलेलं उत्तर. आत्याबाई कपाळ बडवायच्या, “ती बया पांडरी हुईल तवर माजी केसं पांडरी झाली रं! ती कशी झाली न सांगता? त्येला काय लावलंस?” एक दिवस मीच न राहवून बोलले. “भावजी, कुणासाठी थांबलाय तुम्ही? ती काही यायची नाही आता.”

“यीन म्हनून गेल्यात त्या.”

“अहो, जाताना कुणी ‘जाते’ म्हणतं का? तोंडातून अशुभ काढू नये म्हणून सगळेच ‘येते’ म्हणतात! मी माहेराहून निघताना म्हणते, मयतीला आलेली माणसंसुद्धा म्हणतात. त्याचा काय धरून बसायचा अर्थ?”

भावजींनी गितारीवरची धूळ झटकली. “सगळी म्हनत असतील,” म्हणाले, “सगळ्यांचं म्या कुठं दरून बसलोय?” मी आत जाऊन पीठ मळत बसले आणि उगाच रडले.

आणि पांढरा रंग आला तो कसा, ऐका. आषाढात भावजी वेल्ह्याच्या अंगाला एका घराच्या छपराच्या कामाला गेले. जाताना गितार बरोबर. ह्यांनी विचारलं, “तितं वाजवायचीय का?” तर म्हणे हितं मन लागणार न्हाई तिचं. तिकडं धुकं असं की शेजारच्या माणसाला हाक मारून शोधावं लागतं; घरातसुद्धा कपडे वाळत नाहीत. त्यांच्याजवळ चंद्रसाची राळ स्पिरिटात विरघळवून केलेलं साधं रोगण होतं, पाण्यासारखं निवळ. अशा हवेत रोगण लावू नये, त्याला बुरा येतो, धूसर होतं, हे कुठलाही सुतार शेंबड्या पोराला सांगेल. पण भावजींना रिकामं बसवेना. चिंधीची पुरचुंडी बुडवून त्यांनी हात मारला, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर लाकडावर पांढरं चढत गेलं. रंग नाही, चुना नाही, काही नाही. नुसती त्या डोंगरातली ओल रोगणात अडकली. बोट फिरवावं तर पुसत नाही, आणि खाली शिवणीची रेघ न् रेघ.

काम टाकून ते तिथून पायी निघाले. भोरात पोचले तेव्हा मी दारातच होते. वरून पाऊस कोसळतोय, हे नखशिखान्त भिजलेले, दात वाजताहेत, आणि अंगावरचं इरलं काढून गितारीवर घातलेलं. इरलं उचललं. बाई गं! मी चूल, पोर, सगळं विसरले. आत्याबाईंनी हात पुढं केला आणि मागं घेतला, म्हणाल्या, “हात लावला तर जाईल का रं?” सगळ्या दुनियेत जी चूक समजतात ती आमच्या भावजींनी मन लावून केली होती, आणि तीच बरोबर निघाली.

पण दिवाळी सरली, कोरडं वारं सुटलं, आणि गितार दिवसादिवसानं उतरत चालली. माघापर्यंत नुसतं मधाच्या रंगाचं लाकूड. भावजींनी आधी मांजरीवर संशय घेतला, मग माझ्या पुसण्यावर. घरात कुणी गेल्यासारखं वातावरण. हे म्हणाले, “आता तरी फास सफेदा आन मोकळा हो.” त्यांनी नाही फासला. आणि पुढच्या आषाढात खुंटीवर टांगल्या टांगल्या ती आपली आपण पुन्हा पांढरी झाली. मग तो रिवाजच पडला. पंचमीला लेक माहेरी यावी तशी ती दरसाल यायची, राहायची, आणि थंडी पडली की निघून जायची. ती गेली की भावजी उदास व्हायचे आणि लोकांची कामं आणखीच उशिरा करायचे.

अशी बरीच वर्षं गेली. आत्याबाई गेल्या. लढाईचे दिवस आले, रॉकेल मिळेना. तिच्या हातावर जन्मलेला माझा थोरला मिसरूड फुटून ह्यांच्या बरोबरीनं लाकूड तासायचा वाकस चालवायला लागला. आणि चैत्रातल्या एका दुपारी, उन्हानं जमीन तडकलेली, दारात एक चष्मा लावलेली, पिकल्या केसांची बाई उभी. चालणं तेवढं तसंच ताठ. म्हणाली, “मेस्त आसा?”

आई गेल्यावर ती मुंबईच्या कुठल्या दवाखान्यात नोकरीला होती. आता हातपाय थकले म्हणून कायमची गोव्याला निघाली होती. नसरापूरच्या फाट्यावरून मुद्दाम वाट वाकडी करून भोरला आली होती आणि परतीची मोटार थोड्याच वेळात होती. भावजी आतून आले, तिला पाहिलं, आणि माझी पेटी ठोकणारा तो माणूस दाराच्या चौकटीवरच टकटक करत उभा राहिला. मग खुंटीवरची गितार काढून तिच्यापुढं धरली. चैत्र होता. मधाच्या रंगाची, कोरडीठाक गितार.

“किती सुंदर लाकूड,” ती म्हणाली.

“न्हाई, हे न्हवं,” भावजी घायकुतीला आले. “आशी न्हाई ती. आषाडात आशी न्हाई दिसत. तुमी दवी म्हनाला हुता, दवाची, तशी हुती ती. पांडरी, पन लाकूड दिसतंय आशी. आषाडात याल का तुमी?”

तिला आधी कळलंच नाही. मग आठवलं आणि ती हसायला लागली. “दव न्हय रे मेस्त! धवी. धवी म्हणजे पांढरी. नुसती पांढरी. चर्चमध्ये एक होती तसली, रंग लावलेली.”

धवी! धवल! माझ्या चौथीच्या पुस्तकात होता हो हा शब्द! मी तेव्हा चहा ठेवायला गेले नसते तर? पण मी आत होते, आणि ओसरीवर होता एकटा आमच्या घरचा कान, ज्यात ध शिरत नाही. भावजींनी गितार उन्हाकडं धरून पाहिली. मग म्हणाले, “म्हंजी सफेदा फासला आसता तरी चाललं आसतं?”

“चाललं असतं.”

“एका दुपारचं काम.” आणि ते हसले. खरंच हसले, ती हसली, मीही हसले, आणि हसता हसता मला असा संताप आला म्हणून सांगू! एका माणसाचा अख्खा जन्म गेला त्या एका अक्षरात, आणि हिनं ती न बघताच जायचं? “थांबा बाई,” मी म्हटलं, “बघूनच जा.” पाण्याचं पातेलं चुलीवर चढवलं, खाली जाळ सारला. पाणी उकळलं तशी मी भावजींना हाक मारली, “आणा इकडं.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पातेल्याकडं पाहिलं, क्षणभर थांबले. मग गितार आडवी करून वाफेवर धरली.

वाफ लागली तसं लाकडावर पांढरं यायला लागलं. आधी पोटावर, मग कडांकडं, सावकाश. आतल्या रेघा तशाच. बाई चुलीपाशी उकिडवी बसली होती, ती चष्मा काढून आणखी पुढं सरकली. तिनं एक बोट टेकवलं. मग बोलली, आणि ती ध असलेल्या मुलखातली बाई, पण स्वच्छ आमच्यासारखं बोलली. “दवी,” म्हणाली. “म्हाका हीच जाय आशिल्ली.” हीच हवी होती मला. भावजींचा तो चेहरा मी दुसऱ्यांदा पाहिला तो तेव्हा.

आणि पाठोपाठ कट्ट असा आवाज झाला. सरसानं हात सोडला. पाठ कडेपासून उकलली, तारा सैल पडल्या. तिकडं मोटारचा भोंगा वाजला. “आता?” बाई घाबरी झाली. भावजी शांत होते. “काय न्हाई,” म्हणाले, “सरस लावून वाळाया ठेवावी लागंल. आज न्हेता यायची न्हाई. फुडल्या बारीला न्या.” तिनं त्यांच्याकडं पाहिलं, एवढा वेळ पाहिलं की भोंगा पुन्हा वाजला. मग म्हणाली, “येतां हां, मेस्त.” माझ्या थोरल्याच्या गालावरून हात फिरवला आणि गेली.

मोटार दिसेनाशी झाल्यावर मी भावजींवर तुटून पडले. “डोकं फिरलं का तुमचं? एवढ्या वर्षांनी आली, हातात द्यायची सोडून! वाफेनं सरस सुटतो हे ध्यानात नाही आलं तुमच्या?”

भावजींनी उकललेली पाठ मांडीवर घेतली. कडेवरून अंगठा फिरवला. “वैनी,” म्हणाले, “सुताराला सरस ठावं नसंल का?”

मी सरसाचं भांडं आणून त्यांच्यापुढं ठेवलं.

चार दिवसांत गितार जोडून झाली. त्यांचं वेळेत झालेलं काम म्हणाल तर तेवढं एक. ती बाई पुन्हा आली नाही. भावजींनी कधी तिचं नाव काढलं नाही, मोटारचा भोंगा वाजला की हातातलं थांबायचं एवढंच. आता तेही नाहीत. जाताना कुणाला काही बोलले नाहीत. घासत बसले होते, तसेच कलंडले. गितार माझ्या घरात त्याच खुंटीवर आहे. आषाढ लागला की पांढरी होते, मी तिला पुसत नाही, कुणाला हात लावू देत नाही. परवा पुण्याहून एक वाद्यं विकणारे गृहस्थ आले होते, बघून वेडे झाले. असा रंग कसा दिला, म्हणाले, आणि विकायची का?

मी म्हटलं, “नाही हो. जिची आहे ती येते म्हणून गेलीय.”